हॉस्पिटल ठरवायचं कुणी?



भिवंडीत आपल्या बहुतेक घरांचा संबंध एकतर सुताशी, नाहीतर कापडाशी, नाहीतर गोदामाशी. सुताचा कोन हातात आला की आमच्या घरची माणसं धागा ओढून बघतात, चिमटीत फिरवतात, तोडून बघतात. किलोमागे एक-दोन रुपयांच्या फरकासाठी चार गाळ्यांवर फोन जातात. आणि त्याच घरातल्या बाईचं ऑपरेशन निघालं की सगळं एका फोनवर ठरतं. "अमक्या शेठच्या ओळखीतलं हॉस्पिटल आहे, बिलाचं बघून घेतील." झालं. जिच्या पोटावर सुरी चालणार ती तोवर स्वयंपाकघरात दुसऱ्या दिवशीच्या डब्याची तयारी करत असते.

ही पद्धत मला मान्य नाही, आणि म्हणूनच हे लिहायला घेतलं आहे. अपघात झाला, छातीत दुखायला लागलं, बाळंतपणात रक्त जायला लागलं, तर जवळचं हॉस्पिटल गाठावं आणि १०८ ला फोन करावा. तिथे विचार करत बसायचं नसतं. मी बोलते आहे ते तारीख घेऊन होणाऱ्या ऑपरेशनबद्दल. गर्भपिशवी, पित्ताशयातले खडे, हर्निया, गुडघा, मोतीबिंदू. यात चार दिवस, कधी चार महिनेही हातात असतात. तो वेळ आपण वापरत नाही, किंवा तो आपल्याला वापरू दिला जात नाही.

पिशवीचंच घेऊ, कारण आपल्यात सगळ्यात जास्त कुजबुज त्याचीच असते. स्थानकात व्याख्यान संपल्यावर बायका चपला घालताना बोलतात त्यात "तिची पिशवी काढली" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की दात काढल्यासारखं वाटायला लागलंय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये दर शंभरात तीनहून थोड्या जास्त जणींची पिशवी काढलेली आढळली. यातल्या दोन तृतीयांशाहून जास्त शस्त्रक्रिया खासगी दवाखान्यांत झालेल्या. आपल्या राज्यात बीडच्या ऊसतोड बायकांचं प्रकरण २०१९ मध्ये बाहेर आलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यात १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीच्या चार दिवसांत कामावर खाडा नको, आणि खाडा झाला तर मुकादमाचा दंड नको, म्हणून. तुम्ही म्हणाल, त्या गरीब बायका, त्यांचं वेगळं. मला तितकं वेगळं वाटत नाही. त्यांना खाड्याची भीती घातली, आपल्याला कॅन्सरची घालतात. "ठेवून काय करायचंय आता, मुलं झाली ना?" हे वाक्य मात्र दोन्हीकडे तेच असतं.

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर ५ एप्रिल २०२३ ला निकाल लागला. अनावश्यक पिशवी काढण्याबाबत केंद्राने ज्या मार्गदर्शक सूचना केल्या होत्या, त्या तीन महिन्यांत लागू करा, असं न्यायालयाने सगळ्या राज्यांना सांगितलं. म्हणजे हा वहम घेतलेल्या चार बायकांचा विषय राहिलेला नाही.

माझ्या नणंदेचं सांगते. तिला विचारूनच लिहिते आहे, आणि तिनेच सांगितलं की डॉक्टरांचं नाव घालू नको, त्यांच्याकडे अजून अर्धी गल्ली जाते. वय ४३. दीड वर्ष पाळीला खूप रक्त जायचं, पण तिने कुणाला सांगितलं नाही. जिना चढताना धाप लागायला लागली तेव्हा सोनोग्राफी झाली. सहा सेंटिमीटरची गाठ, फायब्रॉइड. हिमोग्लोबिन ७.६. इथल्या एका नर्सिंग होममध्ये तिला दहा मिनिटांत निकाल मिळाला. पिशवी काढायची, सोबत दोन्ही अंडाशयंही काढायची, "म्हणजे पुढची कटकट नको", आणि तारीख पुढच्या मंगळवारची. जावईबापूंनी विचारलं, थोडं थांबलं तर? उत्तर आलं, "थांबा. कॅन्सर झाला तर मला सांगायला येऊ नका."

आता या एका वाक्यात काय काय चुकीचं आहे ते बघा. फायब्रॉइडची गाठ कॅन्सरची निघणं फार म्हणजे फारच दुर्मीळ असतं. पाळी थांबली की या गाठी बहुधा आकसतात. रक्तस्राव आटोक्यात आणायला गोळ्या आहेत, गर्भाशयात बसवायची हार्मोनची कॉइल आहे, नुसती गाठ काढायची शस्त्रक्रिया आहे, गाठीला रक्त पुरवणारी नस बंद करण्याचा उपाय आहे. प्रत्येकीला प्रत्येक उपाय चालतो असं नाही, पण ते आहेत हे सांगायला तरी हवं की नाही? आणि अंडाशयं. चाळिशीत निरोगी अंडाशयं काढली की पाळी एका रात्रीत जाते. घामाचे लोंढे, झोप नाही, हाडं लवकर ठिसूळ, हृदयाचा धोका वाढतो. तिच्या घरात कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर आहे का, हेही कुणी विचारलं नव्हतं. आणि ७.६ हिमोग्लोबिनवर, मुद्दामची शस्त्रक्रिया, तीही पाच दिवसांत! आधी रक्त वाढवायला हवं होतं.

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी एक काम चांगलं केलं. नणंद त्यांच्याकडे गेली तेव्हा त्यांनी नाव एक नाही, दोन दिली. एक परळच्या सरकारी रुग्णालयातलं, एक ठाण्यातलं. आणि लेटरहेडवर चिठ्ठी लिहून दिली. या चिठ्ठीबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय.

आपल्याकडे मोठ्या डॉक्टरांकडे जायला चिठ्ठी लागतेच असा नियम नाही. पैसे मोजले की कुणीही थेट आत. त्यामुळे चिठ्ठी म्हणजे वशिला, असाच आपला समज झालाय. "यांना बघा, आपले आहेत," इतकंच लिहिलेली चिठ्ठी घेऊन आपण जातो. तिचा उपयोग फार तर रांगेत दोन नंबर पुढे जाण्यापुरता. खरी चिठ्ठी वेगळी असते. त्रास काय, कधीपासून, आजवर कोणत्या तपासण्या झाल्या आणि त्यात काय आलं, कोणती औषधं किती दिवस दिली आणि फरक पडला का, बीपी-शुगर-थायरॉइडचं काय चाललंय, कशाची अ‍ॅलर्जी आहे, आधी कोणतं ऑपरेशन झालंय, आणि सगळ्यात शेवटी, नेमका प्रश्न काय. आमच्या डॉक्टरांनी शेवटी लिहिलं होतं की शस्त्रक्रियेची गरज आहे का, असल्यास अंडाशयं ठेवता येतील का, याबद्दल मत द्यावं. एवढ्या दोन ओळींनी काम बदललं. समोरच्या डॉक्टरांना कळलं की ही बाई ऑपरेशन करून घ्यायला नाही, मत घ्यायला आली आहे.

अशी चिठ्ठी मागायला लाजू नका. डॉक्टर फारच घाईत असतील तर घरी कागदावर तारखांसकट सगळं लिहून न्या आणि "यावरून लिहून देता का?" असं विचारा. दहावीतली मुलगी घरात असेल तर तिच्याकडून लिहून घ्या, अक्षर बरं असतं.

आता दुसरी बाजू. जो डॉक्टर एकच नाव देतो, त्याच नावावर अडून बसतो, आणि एमआरआय अमक्याच सेंटरला करा म्हणतो, तिथे मनात शंका आली तर ती दाबू नका. याला धंद्याच्या भाषेत 'कट' म्हणतात आणि धंद्यातल्या घरांना तो समजावून सांगायची गरज नाही. डॉक्टरांच्या नीतिनियमांत (२००२) रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन देणं आणि घेणं दोन्ही मना आहे. तरी २०१७ मध्ये मुंबईतल्या एशियन हार्ट इन्स्टिट्यूटने 'आम्ही डॉक्टरांना कमिशन देत नाही' अशा अर्थाचा फलक लावला तेव्हा डॉक्टरांच्या संघटनेनेच आक्षेप घेतला. त्या वर्षी राज्य सरकारने कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा करायला समितीही नेमली. डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी अनेक डॉक्टरांशीच बोलून यावर पुस्तक लिहिलंय, 'डिसेंटिंग डायग्नोसिस', २०१६ चं. म्हणजे हे आपण बायका ओट्यावर बसून रचलेलं नाही, आतली माणसंच सांगतायत. अर्थात सगळे डॉक्टर असे नसतात. रात्री दोनला फोन उचलणारे डॉक्टर याच भिवंडीत आहेत आणि त्यांच्यावर आपली घरं उभी आहेत.

'दुसरं मत घेतलं तर डॉक्टरांना राग येईल,' ही आपल्या सासूबाईंच्या पिढीची भीती. अनेकांत शिकलेल्या आपल्या लोकांना एकाच नयावर इतकं अडून राहायचं काही कारण नाही, असं मी सासूबाईंना म्हटलं तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, "तुला बोलायला कोण शिकवतं गं?" पण नंतर गेल्या. दुसरं मत घेणं हा रुग्णाचा हक्क आहे. राज्य सरकारने जानेवारी २०२१ मध्ये नर्सिंग होमच्या नियमांत जे बदल केले त्यात रुग्णहक्कांची सनद आहे आणि ती दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. ठरावीक सेवांचे दरही लावायचे आहेत. पुढच्या वेळी रिसेप्शनवर बसाल तेव्हा मोबाइलमधून मान वर करून भिंत बघा. आणि आपले कागद मागितले की ७२ तासांत द्यायचे, हेही डॉक्टरांच्या नियमांतच लिहिलेलं आहे. सोनोग्राफीची फिल्म, रिपोर्ट, पॅथॉलॉजीचा कागद हे सगळं आपलं असतं. ते दवाखान्याच्या कपाटात ठेवून येऊ नका.

नणंद परळला गेली तेव्हा सकाळी सातला निघाली. कशेळीच्या पुलावर पाऊण तास, पुढे कापूरबावडी, पुढे हायवे. केसपेपरची रांग, ओपीडीची रांग. उन्हाचा, गर्दीचा, वासाचा त्रास झाला हे खोटं कशाला सांगू. पण तिथल्या मोठ्या मॅडमनी तिला पंचवीस मिनिटं दिली. आधी आतल्या अस्तराचा तुकडा तपासून घ्यायला सांगितला, लोहाची इंजेक्शनं सुरू केली आणि म्हणाल्या, "घाई नाही. तीन-चार महिने औषधं घेऊन बघू. मग तुम्हीच मला सांगा, काढायची की नाही." नणंद बाहेर येऊन मला म्हणाली, "भाभी, मला पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं."

चार महिन्यांनी तिने स्वतः ठरवलं की काढायची. औषधांनी रक्तस्राव कमी झाला होता, पण तिला पुरेसा वाटला नाही. तोवर हिमोग्लोबिन ११ च्या वर गेलं होतं. ठाण्यात, दुर्बिणीतून, अंडाशयं ठेवून शस्त्रक्रिया झाली. म्हणजे शेवटी ऑपरेशन झालंच ना, असं घरातल्या एका काकांनी बोलून दाखवलं. झालं, पण कोणतं झालं आणि कुणी ठरवलं, हा फरक त्यांना दिसला नाही.

तर कुठे करायचं? मला विचाराल तर हॉस्पिटलचं नाव शेवटी येतं. आधी विचारायचं की शस्त्रक्रिया नेमकं कोण करणार, ज्यांना दाखवलं ते की ऐनवेळी बोलावलेले दुसरे. ते महिन्यात अशा किती करतात. भूलतज्ज्ञ कोण, आणि रात्री काही झालं तर आत डॉक्टर असतो की फक्त सिस्टर. आयसीयू तिथेच आहे का, नसेल तर पेशंट कुठे हलवणार. रक्त लागलं तर कुठून आणणार. काढलेला भाग पॅथॉलॉजीला पाठवणार ना, आणि रिपोर्ट आम्हाला मिळणार ना. हे सगळं पाच मिनिटांत विचारून होतं. चांगल्या सर्जनला याचा राग येत नाही, उलट बरं वाटतं. ज्याला राग येतो त्याच्याबद्दलची माहिती तुम्हाला तिथेच मिळाली.

हलवण्याचा प्रश्न मी उगाच काढत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले, ते आठवत असेल. ठाण्याच्या जिल्हा रुग्णालयाच्या नव्या इमारतीचं काम चालू असल्याने कळव्यावर आधीच ताण होता. आणि काही रुग्ण खासगी दवाखान्यांतून अगदी शेवटच्या अवस्थेत आणले गेले होते, असं प्रशासनाने तेव्हा सांगितलं. भिवंडी म्हणजे २०११ च्या जनगणनेतच सात लाखांच्या वर गेलेलं शहर, आणि मोठं सरकारी रुग्णालय म्हणावं तर एक, इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय. तिथून पुढे ठाणं, कळवा, मग जे.जे., सायन, केईएम. मधल्या रस्त्याची अवस्था तुम्हाला माहीत आहे. मेट्रोच्या खांबांखालून अ‍ॅम्ब्युलन्स कशी जाते ते आपण रोज बघतो. म्हणून ज्या शस्त्रक्रियेत गुंतागुंतीची शक्यता आहे, ती जिथे पुढची सोय त्याच छताखाली आहे तिथेच व्हावी, असं माझं ठाम मत आहे. छोटं काम असेल, तब्येत चांगली असेल, तर जवळच्या चांगल्या नर्सिंग होममध्ये बिनधास्त करा. पट्टी बदलायला, टाके दाखवायला दर चार दिवसांनी परळ गाठणं काही सोपं नाही. त्यासाठी ऑपरेशनवाल्या डॉक्टरांकडून परतीची चिठ्ठी आपल्या फॅमिली डॉक्टरांच्या नावे लिहून घ्यायची. ही परतीची चिठ्ठी तर कुणीच मागत नाही.

आता पैशाचं. आपल्यात एक विचित्र लाज आहे. घरात उधारी चालू असते, माग बंद पडलेले असतात, तरी सरकारी योजना म्हटलं की "ते आपल्यासाठी नाही". महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता पिवळ्या-केशरी कार्डापुरती राहिलेली नाही. पांढऱ्या कार्डाची कुटुंबंही घेतली गेली आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. फक्त दोन गोष्टी आधी विचारा. आपली शस्त्रक्रिया योजनेच्या यादीत आहे का, आणि ते हॉस्पिटल त्या विषयासाठी योजनेत आहे का. १५५३८८ वर फोन करा, किंवा हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राच्या टेबलाशी जा. सत्तरी ओलांडलेल्या सासू-सासऱ्यांसाठी उत्पन्नाची अट नसलेलं आयुष्मान वय वंदना कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून आहे. ते आजच काढून ठेवा, दुखायला लागल्यावर नव्हे.

आणि धर्मादाय हॉस्पिटलं. ट्रस्टीची चिठ्ठी आणायला आपली माणसं कुणाकुणाच्या पेढीवर जाऊन बसतात. ट्रस्टींनी द्यावी, चांगलंच आहे. पण ज्यांचं उत्पन्न खरंच कमी आहे त्यांना कुणाच्या पेढीवर जायची गरजच नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशाने झालेल्या योजनेप्रमाणे धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. रेशन कार्ड किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवा विभागात जायचं. समाजातल्या एखाद्या विधवा बहिणीला हे माहीत नसल्यामुळे तिला चार जणांपुढे पदर पसरावा लागतो, याचं मला फार वाईट वाटतं. माझं माहेर नगरकडचं. तिथे आचार्य आनंदऋषीजी महाराजांच्या नावाने जैन सोशल फेडरेशनने हॉस्पिटल उभं केलंय आणि कुठल्याही जातीधर्माचा माणूस तिथे कमी खर्चात उपचार घेतो. दान असंही देता येतं. भिवंडीत इतके दानवीर आहेत, इतक्या कोनशिला आहेत, पण सरकारी रुग्णालयात गोंधळलेल्या बाईला हाताला धरून योग्य खिडकीपाशी नेणारं माणूस पगारावर ठेवावं, असं कुणाला वाटत नाही. त्यावर नाव कोरता येत नाही ना.

मेडिक्लेम असेल तर भरती होण्याआधी पॉलिसी स्वतः वाचा, एजंटच्या तोंडावर जाऊ नका. पिशवी, हर्निया, मोतीबिंदू अशा ठरावीक गोष्टींना बऱ्याच पॉलिसींत सुरुवातीची काही वर्षं पैसे मिळत नाहीत. खोलीच्या भाड्याची मर्यादा असेल आणि आपण हौसेने डिलक्स खोली घेतली, तर नुसतं जास्तीचं भाडं नाही, सगळ्या बिलालाच त्या प्रमाणात कात्री लागू शकते. पाहुण्यांना बसायला सोफा हवा म्हणून ही किंमत मोजायची का, ते तुमचं तुम्ही ठरवा.

शेवटी आपल्या खास अडचणी, ज्या दुसऱ्या कुणी सांगणार नाही. 'तिथे जैन जेवण मिळतं' म्हणून हॉस्पिटल निवडलेली दोन कुटुंबं मला माहीत आहेत. जेवण महत्त्वाचं आहे, मीही कंदमूळ खात नाही. पण डबा भिवंडीहून ठाण्याला सूर्यास्ताआधी पोचवता येतो, चांगला सर्जन डब्यातून आणता येत नाही.

चौविहाराचं मात्र भूलतज्ज्ञांना आधी सांगाच. हिवाळ्यात संध्याकाळी सहाला पाणी बंद केलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तीनचं ऑपरेशन असलं, तर एकवीस तास घोटभर पाणी नाही. हॉस्पिटलवाले सरसकट 'रात्री बारापासून काही नको' म्हणतात. त्यांना वाटतं, बाई बारापर्यंत पाणी प्यायली असेल. साधारणपणे शस्त्रक्रियेच्या दोन तास आधीपर्यंत साधं पाणी चालतं, घन आहाराला सहा ते आठ तासांचं अंतर लागतं. म्हणून विचारा की नवकारशीच्या वेळेनंतर मी पाणी घेऊ शकते का, किंवा मला सकाळचा पहिला नंबर मिळेल का. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर हे विचारल्याशिवाय राहूच नका. नुकतीच अठ्ठाई झाली असेल, वर्षीतप चालू असेल, आयंबिलाची ओळी चालू असेल, तेही सांगा. त्यांना लपवून तप केल्याने पुण्य वाढत नाही, भूल देणाऱ्याचं काम अवघड होतं. आणि पच्चक्खाणात आगार असतातच, समाधी टिकावी म्हणून औषध घ्यावं लागलं तर त्याचाही आगार आहे. मनात किंतु असेल तर आधी जाऊन साध्वीजींना विचारा. माझा अनुभव असा की घरच्या मंडळींपेक्षा त्याच जास्त समजूतदारपणे सांगतात.

कॅप्सूलचं वरचं कवच बहुतेक वेळा जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यातलं असतं. बऱ्याच औषधांची गोळी किंवा पातळ औषध मिळतं. टाक्यांचा जुना कॅटगट धागा जनावरांच्या आतड्याचा, पण आता बहुतेक ठिकाणी कृत्रिम धागे वापरतात. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून देतात ते हेपॅरिन डुकराच्या आतड्यापासून काढतात. त्याला काही वेळा कृत्रिम पर्याय असतो, पण तो तुम्हाला चालेल का हे डॉक्टरच ठरवतील. हे सगळं पहिल्या भेटीत, शांतपणे विचारायचं. स्ट्रेचरवर झोपल्यावर नाही. आणि जीव वाचवायला दुसरं काही नसेल तर मी तरी वाद घालणार नाही.

तारखेचंही बोलून टाकते. "चातुर्मास होऊ दे", "पर्युषण होऊ दे", "दिवाळीचा माल निघू दे", "पुतण्याचं लग्न होऊ दे" असं करत बाईचं ऑपरेशन वर्ष वर्ष पुढे जातं. पुरुषाचा हर्निया मात्र त्याच आठवड्यात होतो. हिशेब करून बघा आपापल्या घरात. डॉक्टर थांबू शकता म्हणाले तर थांबा, पण मग थांबण्याचं कारण वैद्यकीय असू दे, केटररचं नको. आणि तारीख घेतानाच पुढच्या सहा आठवड्यांत पाण्याची कळशी, गव्हाचा डबा, वाळवणाची पाटी कोण उचलणार तेही घरात सगळ्यांसमोर ठरवून घ्या. आमच्या नणंदेकडे जावईबापूंनी ते महिनाभर केलं. पाचव्या आठवड्यात गोदामावर माल उतरायचा होता म्हणून ते विसरले, तेव्हा तिने रिकाम्या कळशीचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला आणि पाटावर बसून राहिली. तासाभरात तिघं आले.